दाढ घरात फिरते आहे

सूचनाबाईंचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं, पण ओळखपत्र गळ्यात कायम उलटं लटकलेलं असायचं, त्यामुळे ऑफिसात ते कुणालाच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी बस स्टँडवर माइकवरून सूचना दिल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी बाकावर राहिली. आवाज असा की चालता माणूस जागच्या जागी उभा राहायचा आणि आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचा. मग एकदा मॅनेजरनी त्यांना एका बंद खोलीत बसवून तीन दिवस सगळ्या गावांची नावं, एक ते साठ आकडे आणि 'दिलगीर आहोत' हे वाचायला लावलं. चौथ्या दिवशी सांगितलं, आता यंत्रच बोलेल, तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

"दुसऱ्या कुणी नोकरी खाल्ली असती तर भांडले तरी असते," बाई म्हणायच्या. "इथे खाणारीही मीच."

त्याच आवाजावर त्यांना नवीन काम मिळालं. लोकांच्या घरांवर लांबून पहारा ठेवणारी एक कंपनी होती. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, पडदे कायम ओढलेले, बारा खुर्च्या, प्रत्येकीसमोर दोन स्क्रीन, आणि कोपऱ्यात मधूनच ढेकर देणारा पाण्याचा फिल्टर. कुठल्या घरात काही हललं की स्क्रीनवर लाल पट्टी यायची. मग कॅमेऱ्यातून बघायचं, मालकाला फोन करायचा, परका माणूस दिसला तर पोलीस चौकीला कळवायचं. आणि एक बटण होतं, ते दाबलं की आपला आवाज थेट त्या घरातल्या स्पीकरमधून निघायचा. चोराची पाचावर धारण बसावी म्हणून.

बाईंच्या चार वर्षांत चोर मात्र एकही आला नव्हता. पडदे आले. कॅमेऱ्याच्या काचेवरून चालणारा कोळी आला, तो उंटाएवढा दिसायचा. नाचत नाचत दारापर्यंत आलेलं वॉशिंग मशीन आलं. अलार्मच्या रिमोटवर बसलेली एक सासू आली, ती उठेपर्यंत सगळी गल्ली जागेवरून उठली. साहेब प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलायचे म्हणून त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "शंभरातले अठ्ठ्याण्णव अलार्म खोटे असतात. उरलेले दोन अजून आलेले नाहीत."

बाकीचे लोक लाल पट्टी आली की न बघताच 'पडदा' लिहून मोकळे व्हायचे. बाई तसं करायच्या नाहीत. कोळी असला तरी त्याची पूर्ण चौकशी व्हायची, मालकाला फोन जायचा, वेळ लिहिली जायची. चौकीवरचा हवालदार त्यांचा आवाज ऐकला की सुस्कारा टाकायचा. "बोला बाई. आज काय, पडदा की पाल?"

चौकीचंही बरोबर होतं. हेलपाटे घालून त्यांच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी त्यांनी नियम काढला: एकाच घरी दोनदा फुकट जावं लागलं, तर तिसऱ्यांदा घरात हजर असलेल्या व्यक्तीने स्वतः खात्री दिल्याशिवाय कुणीही जाणार नाही. नियम टंकलेला होता, त्यावर शिक्का होता, आणि तो बाईंच्या स्क्रीनशेजारी चिकटवलेला होता.

त्या सोमवारी दुपारी बरोबर दोन वाजता एका दातांच्या डॉक्टरच्या घरातून अलार्म आला. डॉक्टर कुटुंबासकट सुट्टीवर गेला होता. बाईंनी हॉलचा कॅमेरा उघडला आणि त्यांचा हात माउसवरच राहिला. सोफ्याच्या मागून एक पांढरीशुभ्र, माणसाएवढी आकृती हळूहळू बाहेर येत होती. खाली दोन पाय, वर दोन मोठे डोळे आणि तोंडभर हसू.

बाईंनी बटण दाबलं. "घरात कोण आहे? ओळख सांगा."

आकृती सावकाश वळली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बाईंनी आधी चौकीला कळवलं, मग डॉक्टरला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"डॉक्टर, तुमच्या घरात कुणीतरी आहे. पांढरे कपडे. हसतमुख."

"पाय दोन आहेत का? टोकाला निमुळते?"

"हो."

"अहो, ती दाढ आहे! दवाखान्याला दहा वर्षं झाली ना, त्याचा फुगा. पोरीने घरी आणला."

रोज दोनला एसी आपोआप चालू झाला की फुगा हलत होता. एसी बंद करायचा नव्हता, कारण हॉलमधले मासे थंड पाण्यातले होते आणि उन्हात हॉल तापला की ते उलटे व्हायचे. अलार्म बंद करायचा नव्हता, कारण "तेवढ्यासाठीच तर लावलाय." एक चावी डॉक्टरच्या खिशात होती. दुसरी त्याच्या मेव्हण्याकडे होती आणि मेव्हणा त्याच्या शेजारीच बसला होता.

"आम्ही रविवारी येतोय," डॉक्टर म्हणाला. "तोवर जरा सांभाळून घ्या तिला."

तेवढ्यात दोन पोलीस पोचले. त्यांनी खिडकीतून आत डोकावलं, आणि दाढेनेही आतून डोकावलं. पोलिसांतला एक जण दचकून कुंडीत बसला. बाईंनी वहीत लिहिलं: 'दाढ हॉलमधून स्वयंपाकघरात गेली. पोलीस परतले.'

मंगळवारी दोन वाजता बाईंना दाढेची खबर होती. पण अलार्म एकाच वेळी दोन खोल्यांतून आला. दाढ बेडरूममध्ये दिसत होती; मग हॉलमध्ये कोण? त्यांनी मन घट्ट करून फोन केला. पोलीस आले. दाढ बेडरूममध्ये होती आणि तिची लांबलचक रिबन दारातून हॉलमध्ये येऊन हलत होती. हवालदाराने तिथूनच फोन केला. "बाई, दोन झाले हां. आता नियम."

बुधवार, गुरुवार बाई डोळ्यांत तेल घालून दाढेकडे बघत राहिल्या. तिच्या वाटा त्यांना पाठ झाल्या. दोनला सोफा, सव्वादोनला फ्रीजसमोर पाच मिनिटं, मग जिना. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय गं, कसा गेला दिवस?" तर त्या म्हणाल्या, "आज जिन्यावर अडकली होती बिचारी." नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शुक्रवारी दुपारी तीनला अलार्म आला तो बाथरूममधून. दाढ बाथरूममध्ये कधी जात नसे. बाईंनी हॉलचा कॅमेरा लावला. बाथरूमच्या दारातून एक माणूस बाहेर आला. अंगावर निळा शर्ट, हातात रिकामी पोतडी. त्याच वेळी दाढ जिन्यावरून खाली उतरत होती. दोघांची गाठ कोपऱ्यावर पडली. माणूस एवढ्या जोरात किंचाळला की बाईंनी हेडफोन काढला. मागे सरकताना त्याचा पाय स्टुलात अडकून मुरगळला आणि तो पाय धरून खाली बसला. दाढ त्याच्या डोक्यावर येऊन थांबली.

बाईंनी चौकीला फोन लावला. "साहेब, डॉक्टरांच्या घरात माणूस शिरलाय."

"दाढ असेल."

"दाढ त्याच्या डोक्यावर आहे."

"म्हणजे दाढच आहे ना," हवालदार म्हणाला. "मालकाकडून खात्री घ्या."

मालकाचा फोन लागत नव्हता. बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी बटण दाबलं. "घरात कोण आहे? ओळख सांगा."

माणसाने छताकडे बघून हात जोडले. मग त्याचा चेहरा बदलला. "थांबा. तुम्ही बस स्टँडवरच्या बाई ना?"

"प्रश्न मी विचारतेय."

"तुम्हीच! अहो, तुमच्यामुळे माझं लग्न मोडलं! तुम्ही सांगितलंत गाडी सहा नंबरला लागेल. मी सहाला उभा. गाडी नऊवरून गेली. मुलीकडचे लोक दुपारपर्यंत बसून राहिले."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या खुर्चीत सरळ झाल्या. "कुठल्या साली?"

"दोन वर्षं झाली."

"मग ती मी नव्हे. आवाज माझा, चूक यंत्राची. माझ्या एकोणीस वर्षांत एक गाडी चुकीच्या फलाटाला सांगितलेली दाखवा, मी कान कापून देईन."

"पण आवाज तर तुमचाच होता!"

"आवाजाला काय अक्कल असते?"

खोलीतले अकरा लोक आपापले पडदे आणि कोळी सोडून बाईंच्या मागे येऊन उभे राहिले होते. टक्केसाहेबही आले. "शून्य टक्के शक्यता," ते स्क्रीनकडे बघत पुटपुटले.

एसीच्या वाऱ्याने चोर कुडकुडायला लागला होता. घोट्याला सूज आली होती. बाहेरून दार दोन कुलपांनी बंद आणि बाथरूमच्या खिडकीतून एका पायावर परत चढणं कठीण. तो थोडा सरकला की दाढही सरकायची. "बाई, ही माझ्या मागे का येतेय?"

"तुम्ही हललात की वारा होतो. हलू नका."

"मग आता पोलिसांना तरी बोलवा हो! पाय मोडलाय माझा."

"ते येत नाहीत. तुम्ही आहात यावर त्यांचा विश्वास नाही."

चोर हे ऐकून खरोखर दुखावला. "म्हणजे? मी इथे ढळढळीत बसलोय!"

बाईंची नजर शेजारच्या शिक्क्याच्या कागदावर गेली. त्यांनी तो दोनदा वाचला, एक बोट ओळीखालून फिरवत. 'घरात हजर असलेल्या व्यक्तीने.' मालक असं कुठेही लिहिलं नव्हतं. त्यांनी चौकीचा फोन लावला, तो डॉक्टरच्या घरातल्या स्पीकरला जोडला आणि त्या म्हणाल्या, "साहेब, खात्री देणारी व्यक्ती लाइनवर आहे. हजर आहे."

"कोण बोलतंय?" हवालदाराने विचारलं.

"मी चोर बोलतोय साहेब."

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

"घरात चोर आहे याची तुम्ही खात्री देता?"

"देतो."

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात?"

"साहेब, मीच आहे!"

"तसं नको. विचारलं तेवढंच सांगा, मला लिहायचंय. पाहिलात की नाही?"

चोराने समोरच्या कपाटाच्या आरशात पाहिलं. "पाहिला."

"वर्णन?"

"निळा शर्ट. लंगडतोय. थंडीने हाल झालेत त्याचे."

वीस मिनिटांत पोलीस आले, यावेळी कुलूपवाल्याला घेऊन. कागदावर त्यांनी चोराला फिर्यादी म्हणून लिहिलं आणि आरोपी म्हणूनही, आणि दोन्हीकडे त्याच्या सह्या घेतल्या. दाढ पुरावा म्हणून जप्त झाली. जीपमध्ये ती मावेना, तेव्हा हवालदाराने रिबन हाताला बांधून तिला चालत चौकीवर नेलं. रस्त्यावरच्या लोकांनी वाट करून दिली.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. अलार्म बंद करायचा तर स्क्रीनवर कारण निवडावं लागायचं. बाईंनी यादी उघडली. पडदा, कीटक, पाळीव प्राणी, वारा, घरातील व्यक्तीची चूक, अशी चौदा कारणं होती. चोर नव्हता. चार वर्षांत कुणाला लागलाच नव्हता.

"घरातील व्यक्तीची चूक निवडा," टक्केसाहेब म्हणाले. "घरात होता, आणि चूकही त्याचीच."

"नाही."

"मग वारा निवडा. दाढेला वारा लागला."

"चोर होता, साहेब. मी बघितलाय. माझ्याशी भांडलाय तो."

"मुख्य ऑफिसला कळवलं तर आपला आकडा बिघडेल. गेल्या वर्षी आपल्याला त्याच आकड्यावर ढाल मिळालीय."

बाई ढालीकडे बघतही नव्हत्या. त्यांनी लाल पट्टी तशीच ठेवली आणि उरलेले अलार्म दुसऱ्या स्क्रीनवर बघितले. शनिवार गेला. रविवारी सुट्टी असून त्या आल्या, कारण दुसरं कुणी येऊन 'वारा' दाबेल अशी त्यांना भीती होती. नवरा डबा घेऊन आला, पट्टीकडे बघून म्हणाला, "किती लाल आहे गं," आणि त्यांच्याशेजारी बसून राहिला. डॉक्टरने परत आल्यावर फोन केला. मासे ठीक होते, पोरगी मात्र दाढेसाठी रडत होती. बाईंनी तिला चौकीचा नंबर दिला.

सोमवारी दुपारी मुख्य ऑफिसातून कुणीतरी वैतागून फोन केला, की तुमची एक पट्टी तीन दिवस बंद का होत नाही. बाईंनी सगळी हकिगत पहिल्या अलार्मपासून सांगितली, वेळेसकट, त्यांच्या स्टँडवरच्या आवाजात. पलीकडच्या माणसाने सगळं लिहून घेतलं. तासाभराने यादीत पंधरावी ओळ आली.

बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी 'चोर' दाबलं, पट्टी विझली, आणि स्क्रीनवर नेहमीचं हिरवं पसरलं. मग त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा मागितली. टक्केसाहेबांनी ती लगेच मंजूर केली. बाई घरी गेल्या, पंखा लावला, आणि दारावर दोनदा बेल वाजली तरी जाग न येता संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या.