भरला तांब्या घेऊन परभणी

पेडगावाहून परभणी आगगाडीनं म्हणजे पान चघळून होईस्तोवर गाव येतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं ते स्टेशनाच्या पुढचं. ज्याच्या दारात मोटार नाही, आणि आपल्यात आहे कुणाच्या, त्यानं हे वाचून मगच शेतकी कॉलेजाकडं निघावं.

माझी लेक इमल तिथं राहते. जावई कॉलेजच्या शेतावर कामाला, राहायला सरकारी खोल्या. तिला सातवा सरला होता. तिकडं सासू नाही, जाऊ नाही, म्हणून बाळंतपणाला माहेरी आणायची होती. आमचे हे म्हणाले, "बैलगाडी जोडतो."

"मागच्या खेपेला गाडीच्या हिसक्यानंच गेलं, इसरलात का?"

चौथ्या महिन्यातच गेलं होतं. त्यांनी पुन्हा बैलांचं नाव काढलं नाही. दिवाळी झाल्यावर मीच निघाले. बरोबर भाकरी, ठेचा आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या, घरच्या पाण्यानं भरून. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमची रीत.

परभणी स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात. माणशी चार आणे, पण सगळ्या जागा भरल्याबिगर घोडं हलत नाही.

"भाऊ, निघायलास का न्हाई?"

"निघायलोय की मावशी. आनखी दोन सवाऱ्या येऊ द्या."

"तुझ्या सवाऱ्या येईस्तोवर माझी लेक बाळंत हुईल."

चालत निघाले. पेठेतली भजी खाऊ नका, तेलाचा वास लांबूनच येतो. पेठ सरत आली तसा तोच टांगा मागून आला. टांगेवाल्याचं नाव लतीफभाई. म्हणाला, "रुसू नका मावशी, मागं एक जागा हाय."

बसले. मागं बसणाऱ्यानं दांडी धरावी. मी तांब्या धरला, ही चूक. डांबर संपलं आणि काळ्या रानातली वाट लागली. पावसात उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या आता वाळून विटेसारख्या झालेल्या. एक हिसका असा बसला की फिरकी उडाली आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर. बाकीचे हसले. मी हसले नाही. तांब्या मी पोटाशी धरला होता.

इमल गठुडं बांधून उंबऱ्यातच बसलेली.

"माय, इतकी भिजलीस कशी?"

"तुझ्या गावच्या रस्त्यानं भिजवलं. टांग्यातनं तुला न्यायची न्हाई."

तिचं तोंड उतरलं. "मंग मी हितंच बाळंत होऊ? एकलीच?"

"दवाखान्यातल्या बाई काय म्हनल्या?"

"चाल, काम कर, पण हिसका बसू देऊ नको."

घसा वाळला होता, तांब्या रिकामा. पोरीनं ओळखलं. "माय, खोली सरकारची, नळबी सरकारचा. माठ तेवढा माझा. नळावर ओंजळीनं पी की!"

प्याले. सरकारचं पाणी कोमट होतं. मग तांब्या काठोकाठ भरला, झाकण तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "ज्या गाडीत हे सांडणार न्हाई, त्या गाडीत तू बसायचं."

उघडा तांब्या घेऊन नाक्याकडं चालले. कॉलेजची पोरं झाडाखाली बसलेली. एक ओरडला, "मावशी, रान तिकडं हाय!"

"मला ठावं हाय. तूच चुकून कॉलेजात आलास."

नाक्यावर नव्या सायकलरिक्षा उभ्या असतात. माणसानं ओढायचं आणि माणसानं बसायचं, हे मला पटत नाही. पण बसले. खोल्यांकडं चल म्हटलं, अन् हळू चल.

रिक्षावाला म्हणाला, "काय हाय त्यात? दूध?"

"नातवंड हाय."

चाकोऱ्या लागल्या तसा तो उतरला आणि रिक्षा हातानं ढकलत नेली. तरी पोचलो तेव्हा त्यानंच आत डोकावून पाहिलं. "अर्धं गेलं की, मावशी."

अर्धं गेलं होतं खरं. पण नाक्यापर्यंत मी चालत गेले तेव्हा एक थेंब सांडला नव्हता.

"ऊठ," इमलला म्हटलं. "चालत जायचं."

तांब्या पुन्हा भरून घेतला. कडुनिंब दिसला की बसायचं, दुकानाची पायरी दिसली की बसायचं. तिला तहान लागली की तांब्यातलं पाजायचं आणि वाटेत नळ दिसला की पुन्हा भरायचा. पेठेत ती पदर ओढून म्हणाली, "माय, समदे बघायलेत."

"बघू दे. त्यास्नी काय आभाळातनं टाकलंय?"

तेवढ्यात लतीफभाई समोरून आला. इमलकडं पाहून त्यानं घोडं थांबवलं. "गठुडं तरी द्या मावशी. त्याला हिसका चालतो."

"सवाऱ्या भरल्या का तुझ्या?"

"आज गठुडंच सवारी."

तो घोडं चालीवर धरून आमच्या पुढं चालला, स्टेशनापर्यंत. पैसे घेतले नाहीत. गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. मी एरवी कुणाची वाट बघत नाही, पण त्या दिवशी फलाटावर बसून भाकरी खाल्ली आणि पुढची गाडी येईस्तोवर लेकीचे पाय चेपले. डब्यात तांब्या मांडीवर होता. पाणी थरथरलं, सांडलं नाही.

पौषात पोरगी झाली. आवाज असा की शेजारची कोंबडी उडावी.

आता बाया विचारतात, परभणीत काय पाहिलं? काही नाही. सगळा वेळ मान खाली, नजर तांब्यात. दुकानं विचाराल तर सांगता येणार नाहीत. खड्डे विचारा.

पुढच्या महिन्यात नातीला पोचवायला जायचंय. चालतच. पण या खेपेला तांब्या रिकामा नेणार. पाणी लेकीच्या माठातलं पिणार.