मोठे टायर, शिंगणापूरचा घाट आणि शेजारची सीट

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस आहे. ब्लॉगवर फोटो टाकतो, रस्ते सांगतो, कुठे काय खायचं ते सांगतो, म्हणून लोकांना वाटतं हा मोठा फिरस्ता. फिरस्ता वगैरे काही नाही हो. धंदाच फिरायचा आहे, म्हणून फिरतो. सोलापुरातल्या कारखान्यातून चादरी-टॉवेल उचलायचे आणि पंढरपूर, माळशिरसपर्यंतच्या लॉजना पोचवायचे, हे माझं काम. त्यासाठी घरात एकच गाडी, पिकअप. तीच मालाची, तीच घरची. सकाळी शारदाला, म्हणजे बायकोला, तिच्या शाळेत सोडायचं आणि मग गठ्ठे भरायचे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं माढ्याकडे एका लग्नाला चाललो होतो. मोठा रस्ता बंद, म्हणून काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यानं गाडी घातली आणि ती घसरायला लागली. मी स्टिअरिंग इकडे फिरवतोय, गाडी तिकडेच चाललीय. थांबली तेव्हा शारदाच्या बाजूचं चाक कॅनॉलच्या काठापासून हातभर लांब होतं. माझे दात वाजत होते, आणि ही बाई हसतेय! "अय्यो, तुम्हाला पोहायला तरी येतं का हो?" तिच्या माहेरी तेलुगू बोलतात, त्यामुळे आनंद असो की संकट, पहिलं "अय्यो"च निघतं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. माझ्या शेजारच्या सीटवर ही रोज बसते. हिला काही झालं तर? म्हणून ठरवलं की टायर मोठे घालायचे. गाडी उंच होईल, पकड वाढेल.

टायरवाले युनूसभाई माझ्या ओळखीचे. माझ्या गाडीला कंपनीचे २१५ चे टायर. हा आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. युनूसभाईंना मला थेट २६५ घालायचे होते.

"शेठ, गाडी कशी रणगाडा दिसंल बघा!"

"रणगाडा नको भाई. मला रोज हिला शाळेत सोडायचंय."

शेवटी २३५ वर तोडगा निघाला. वाचणाऱ्यांपैकी कुणी याच विचारात असेल तर आकडे देऊन ठेवतो. टायरचा व्यास तीन सेंटिमीटरनं वाढतो, म्हणजे गाडी जेमतेम दीड सेंटिमीटर उंच होते. चार टायरना तीस हजारांच्या आसपास जातात. दीड सेंटिमीटरसाठी तीस हजार! शारदानं हे ऐकून कपाळाला हात लावला.

टायर चढले. युनूसभाईंनी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पार टोकापर्यंत वळवलं, आत बोट घातलं आणि म्हणाले, "बघा, बोटभर जागा हाय. काय बी नाय होत." मग चारी चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडली, नारळ फोडला, पेढे वाटले. "चार दिवस चालवा. पटलं नाय तर आणून द्या, जुने बाजूला ठिवतो."

चार दिवसांत पारख करायची म्हणजे लांबची फेरीच हवी. पंढरपूरच्या आणि शिखर शिंगणापूरच्या दोन लॉजना चादरी द्यायच्याच होत्या. शारदाला शनिवार-रविवार सुट्टी. मी नको म्हणत होतो, पण ती बॅग घेऊन गाडीत बसलीसुद्धा.

शनिवारी सकाळी सातला निघालो. मोहोळपर्यंत हायवे म्हणजे लोणी, पुढे पंढरपूरचा रस्ताही आता चांगला मोठा झालाय. पण मला रस्ता दिसतच नव्हता, मी सगळा वेळ कानांनी गाडी चालवत होतो. मोठ्या टायरचा एक घूंऽऽ असा आवाज येतो. स्टिअरिंग जड लागतं. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण जरा विचार करून थांबते. शिवाय मीटर खोटं बोलायला लागतो. चाक मोठं झाल्यानं काटा साठवर असताना गाडी खरी बासष्ट-त्रेसष्टनं पळत असते. हे मला युनूसभाईंनी नव्हे, फोनमधल्या नकाशानं सांगितलं.

"बघ, बघ! साठ म्हणतोय आणि त्रेसष्टनं पळतोय!"

"मग सत्तावन्नवर चालवा की. त्यात ओरडायचं काय?"

पंढरपुरात गल्लीत गाडी घालायची म्हणजे आधीच परीक्षा. लॉजवाल्याकडे अर्धे गठ्ठे उतरवले, स्टेशन रोडला चहा मारला आणि निघालो. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ती ठेवली नाही. चादरींनी गाडी बघायला गच्च भरलेली दिसते, पण वजनाला ती अर्धीसुद्धा भरत नाही. मी मात्र मनात म्हणत होतो की भरल्या गाडीला टायर झकास चाललेत.

दुपारी वेळापूरला थांबलो. मंदिर बघाच. काळ्या दगडाचं, हेमाडपंती, आत पाऊल टाकलं की उन्हाळा बाहेर राहतो. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच झाडाखाली खाल्ली. शारदा मूर्ती बघत अर्धा तास रमली. मी चारदा उठून टायर बघून आलो. पुजारीबुवांनी विचारलं, "पंक्चर हाय का?" म्हटलं, नाही, नवे आहेत. ते म्हणाले, "मग बसा की निवांत." कसलं निवांत!

मुक्काम नातेपुत्याला केला. साधा लॉज, स्वच्छ खोली, आठशे रुपये. खाली खानावळीत मटकीची उसळ, बाजरीची भाकरी आणि असा ठेचा की तेवढ्यापुरता मी टायर विसरलो.

रविवारी सकाळी घाट चढलो. नातेपुत्यावरून शिंगणापूरला जाताना मैदान संपतं आणि रस्ता एकदम डोंगराला लागतो. वळणं आहेत, कठडे काही ठिकाणी आहेत आणि काही ठिकाणी नुसते दगड पांढरे रंगवून ठेवलेत. चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर निमूट गेली. उरलेल्या चादरी दिल्या. महादेवाचं दर्शन घेतलं. वरून खाली बघितलं तर सगळा मुलूख पसरलेला. वाऱ्यानं शारदाचा पदर उडत होता आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हे टायर ठेवून घ्यायला हरकत नाही.

माझं चुकलं ते त्याच्या पुढच्या दहा मिनिटांत. आम्हा पिकअपवाल्यांना रिकामी गाडी परत आणणं म्हणजे पाप वाटतं. कुणी काहीही भरायला सांगू दे, हौद्यात माल असला की जीव थंड. चहाच्या टपरीवर नामदेवभाऊ नावाचे एक शेतकरी भेटले. त्यांनी माझा रिकामा हौदा बघितला.

"पावणं, रिकामी चाललाय व्हय? माझं डाळिंब हाय की हितंच. नातेपुत्याला तेवढं टाका."

"किती आहे?"

"लई न्हाय. साठ-एक क्रेट."

एका क्रेटमध्ये वीस किलो. मनात हिशेब केला, गाडीच्या क्षमतेत बसत होतं. शारदा म्हणाली, "घाटात कशाला भरताय?" पण ती हसत म्हणाली, आणि तिच्या हसण्यावर मी आयुष्यभर विसंबत आलोय. हो म्हणून बसलो. क्रेट भरले, दोर आवळला. नामदेवभाऊ म्हणाले, "व्हा फुडं, मी फटफटीवर मागनं येतो."

उतारावरची पहिली दोन वळणं बरी गेली. तिसरं उजवीकडचं, अगदी दुमडलेलं. मी ब्रेक दाबून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि खालून आवाज आला, खर्रर्र. रबर जळाल्याचा वास आला.

"कसला वास हो?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं बोललो.

पुढच्या वळणाला पुन्हा खर्रर्र, या वेळी मोठ्यानं. मग सरळ उतार लागला आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. नेहमी जिथं थांबतो त्याच्याही खाली गेला. गाडी थोडी आवरली, पण थांबेना. मागं बाराशे किलो डाळिंब ढकलतंय. मी पुन्हा पुन्हा पाय मारतोय आणि ब्रेक चिखलात दाबल्यासारखा मऊ. डाव्या बाजूला दरी, शारदाच्या बाजूला. पुढं पांढऱ्या दगडांची रांग, आणि रांगेतले दोन दगड पडलेले.

एवढंच कळत होतं की हिला मी इथं आणलं. हिच्यासाठी म्हणून घेतलेले टायर, आणि त्याच टायरवर बसवून हिला मी दरीत घेऊन चाललोय.

"शारदे, ब्रेक लागत नाहीत. दार उघड, उडी मार!"

तिनं दार उघडलं नाही. "गिअर!" ती ओरडली. "पहिला गिअर टाका!" आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून ओढला. मी दुसऱ्यातून पहिल्यात गाडी कोंबली, इंजिन किंचाळलं, मागून क्रेट सरकल्याचा धाडकन आवाज आला. उजवीकडे डोंगराच्या पायथ्याशी मुरमाचा ढीग दिसला. समोरून कुणी येत नव्हतं, एवढी देवाची कृपा. गाडी सरळ त्या ढिगात घातली. ती चढली, हुंदका दिल्यासारखी हलली आणि थांबली.

मी खाली उतरून चाकामागे दगड लावले. एक दगड दोनदा पायावर पडला. पुढचं डावं चाक आतून ओलं झालं होतं, ब्रेकचं तेल टपकत होतं.

वळून बघतो तर शारदा रस्त्याकडेला खाली बसलेली. ओठ पांढरे पडलेले, पदर तोंडात कोंबलेला आणि ती रडत होती. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला घाबरलेली कधी बघितलीच नव्हती. मला वाटायचं देवानं तिला भीतीच दिलेली नाही.

"तू... घाबरलीस?"

"नाही घाबरणार? मी काय दगड आहे?" तिचा आवाज फुटला. "त्या कॅनॉलपाशी पण माझा जीव गेला होता. हसले नसते तर तुम्ही तिथंच गाडी सोडून बसला असता. तुम्ही आधीच इतके घाबरता की मला घाबरायला जागाच उरत नाही!"

मी तिच्याशेजारी मुरमात बसलो. तेवढ्यात नामदेवभाऊ आले, गाडी बघितली, डोक्यावरची टोपी काढली. "माझ्या डाळिंबापायी काय झालं असतं वो!" त्यांनीच फोन करून मेकॅनिक बोलावला, दुसरी गाडी आणून क्रेट उतरवून नेले आणि शारदासाठी बाटलीत गरम चहा घेऊन आले.

मेकॅनिकनं चाक काढून दाखवलं. ब्रेकचा रबरी पाइप टायरनं घासून कापला होता. मागच्या चाकांचा ब्रेक वेगळ्या पाइपवर असतो, तो आणि हँडब्रेक शाबूत होते म्हणून वाचलो. मी म्हटलं, दुकानात टोकापर्यंत वळवून बघितलं होतं, बोटभर जागा होती. तो म्हणाला, "रिकाम्या गाडीवर बघितलं असंल. माल भरून, उताराला, बिरेक दाबून बघा की. गाडी फुडं वाकती, जागा कुटं ऱ्हाते?" लिंबं चिरडली, नारळ फोडला, पेढे खाल्ले, पण माल भरून एकदा वळवून बघायचं ना युनूसभाईंना सुचलं, ना मला.

पाइप बदलून, रिकाम्या गाडीनं, वीसच्या वेगानं घाट उतरलो. सोलापूर गाठायला रात्र झाली. सोमवारी दुकानात गेलो. तुटका पाइप युनूसभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग स्वतः जॅक लावून जुने २१५ चे टायर चढवले आणि म्हणाले, "आता मोठे टायर बसवायला आला त्याची गाडी आधी भरून आणायला सांगतो." तुम्हीही तेच करा. कंपनीनं दिलेला आकार पुरेसा असतो. नवाच हवा असेल तर गाडी पूर्ण भरा, ब्रेक दाबून दोन्हीकडे वळवा आणि पाइपपाशी हात घालून बघा.

शिंगणापूरला जा. वेळापूरला निवांत बसा, माझ्यासारखं करू नका.

आणि घरी काय उरलं म्हणाल, तर मंगळवारी सकाळी शारदाला शाळेत सोडायला निघालो. चौकात डावीकडून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या झुलवत अंगावर आल्यासारखा आला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "अहो, हळू. मला भीती वाटतेय." बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं असं म्हटलं. घाबरलो मीही होतोच. पण मी गाडी कडेला घेतली, तिच्याकडे बघून हसलो आणि म्हणालो, "मी आहे की." त्या दिवशी घाबरायची पाळी तिची होती.