जास्तीचं कडवं

माझ्या मावशीला दोन गोष्टींचा अभिमान होता आणि दोन्हींचं काम कानांवर चालायचं. पहिली रुग्णालयाचा टेलिफोन बोर्ड. तिथे ती बावीस वर्षं बसली. पलीकडच्या नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखायची की बाळ झालंय की कोणी गेलंय, आणि त्याप्रमाणे आपला आवाज लावायची. दुसरी आमच्या चर्चमधली पायपेटी. दर रविवारी उपासनेला मावशीच ती वाजवायची. आमचे पाळक गीत एका पट्टीत सुरू करून भलत्याच पट्टीत घेऊन जात, तेव्हा मावशी गुपचूप त्यांच्यामागून जाई आणि त्यांना सांभाळून घेई. पाळकांची अजूनही समजूत आहे की आपण सुरेल आहोत.

अशा बाईचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, नस सुकली आहे, इलाज नाही. मशीन लावून पाहिलं, तर पायपेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागली म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं. बोर्डावरून तिला फायलींच्या खोलीत बसवलं. बोलायचं असेल तर आम्ही वहीत लिहायचं आणि तिने मोठ्याने उत्तर द्यायचं, असा घरात नियम झाला. मी तिची भाची. कॉयरमध्ये दुसऱ्या ओळीत गाते आणि स्वभावाने चिडकी आहे. त्या दिवसांत मी मावशीच्या वतीने देवावर भरपूर चिडून घेतलं.

ती स्वतः मात्र चिडली नाही. तिचं चिडून आधीच झालं होतं. मावशीचे यजमान, आमचे काका, ऐन चाळिशीत गेले तेव्हा मुलगी तिसरीत होती. मावशीने वर्षभर प्रार्थनेचा एक शब्द उच्चारला नाही, पण पायपेटीचा एकही रविवार चुकवला नाही. “रुसले होते गं, राजीनामा नव्हता दिला,” ती सांगायची. “जायचे, बसायचे, वाजवायचे. एका रविवारी वाजवता वाजवता लक्षात आलं, अरे, मी त्याच्याशी बोलतेच आहे की! कधी सुरू केलं, देवच जाणे.”

म्हणून मला भीती होती ती पायपेटीची. त्या बाकावर बसूनच ही बाई एकदा सावरली होती. तो बाकही गेला तर ती कशाच्या आधाराने उभी राहणार?

बोटांना गीतं पाठ होती, त्यामुळे वाजवणं अडलं नाही. अडलं ते मोजणं. मंडळी कितव्या कडव्यावर आहे ते आता ऐकू येईना. त्यावर तिने आपली युक्ती काढली. गीताला जितकी कडवी, तितक्या पिना अंबाड्यातून काढून पायपेटीच्या कडेला मांडायच्या आणि प्रत्येक कडव्यानंतर एक पिन परत केसांत खोचायची. सहा कडव्यांचं गीत असलं की तिसऱ्यापर्यंत अंबाडा मानेवर लोंबकळत असे.

आणि एका रविवारी चार कडव्यांच्या गीताला तिने पाच पिना काढल्या. आम्ही आमेन म्हटलं, पुस्तकं मिटली, आणि पायपेटी आपली पुढे चाललीच. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग पाळकांनी डोळ्याची पापणी न हलवता पुस्तक उघडलं आणि पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं. पाठोपाठ सगळी मंडळी. मावशीने शेवटची पिन खोचली आणि समाधानाने हात मांडीवर ठेवले.

त्यानंतर तो आमचा अलिखित रिवाज झाला. पिन जास्त निघाली तर आम्ही पुन्हा पहिलं कडवं गायचो, कमी निघाली तर शेवटचं गिळून टाकायचो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. लहान मुलंसुद्धा एक डोळा पुस्तकावर आणि एक मावशीच्या अंबाड्यावर ठेवून गायची. असे आठ महिने गेले.

फक्त मंडळीतल्या बँडमास्तरांना हे सोसत नव्हतं. पूर्वी ते पोलीस बँडात होते आणि जेवतानासुद्धा तालात चावत. चर्चच्या पंचांच्या बैठकीत ते उभे राहिले. “आपण देवाच्या घरात खोटं गातोय,” ते म्हणाले, “आणि तेही कॉयरच्या चार आवाजांत!”

मी ताडकन उठले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खाली बसल्यावर कळलं की माणूस बरोबर बोलतोय. सगळ्या गावाला माहीत आणि तिला एकटीला माहीत नाही, यात कसला आलाय मान? पाळक माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “तू तिची भाची आहेस. तूच सांग.”

शनिवारी दुपारी गेले. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. मी वही घेतली, एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. तिने वाटाण्याचं ताट बाजूला सारलं, वही ओढून घेतली आणि खोडलेलंच वाचलं.

“जास्तीच्या कडव्याचं ना? माहीत आहे मला.”

मी लिहिलं, ‘कधीपासून?’

“पहिल्याच खेपेपासून. पायपेटीवरचा आरसा काय वेणीफणीला लावलाय? पाळक दिसावेत म्हणून आहे तो, आणि त्यात तुम्ही सगळेही दिसता. आमेन म्हणून मिटलेली पुस्तकं पुन्हा उघडून सगळेच्या सगळे पानं मागे उलटत होते. मला कळणार नाही होय?”

‘मग बोलली का नाहीस?’ हे मी इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला.

तिने ताट परत ओढून एक शेंग फोडली. “कान गेले तेव्हापासून रोज सकाळी देवाला एकच विचारत होते. मला तर काही ऐकू येत नाही, तुला तरी मी ऐकू येते का? उत्तर नाही. तरी विचारायचे. दुसरं काय करणार? आणि त्या दिवशी आरशात बघते तर एका बहिऱ्या बाईसाठी अख्खी मंडळी पान मागे उलटतेय. म्हटलं, बरं, म्हणजे ऐकू येतंय.” मग तिने नजर चोरली. “पुढे जरा हावच सुटली. दोनदा मी मुद्दाम जास्तीची पिन काढली. क्षमा मागून झाली आहे त्याची.”

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

“पण बँडमास्तरांचं बरोबर आहे,” ती म्हणाली. मी त्यांचं नावही काढलं नव्हतं. “त्यांचं तोंडही दिसतं ना आरशात. उद्या सांगते त्यांना.”

रविवारी तिने बँडमास्तरांना कोपराला धरून पायपेटीवर नेऊन बसवलं. “डावा भाता आळशी आहे, त्याला दोन लाथा जास्त मारा,” असं बजावलं आणि येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. तिची बोटं मांडीवरच्या पर्सवर आपोआप हलत होती. माझ्याने तिच्याकडे बघवेना. वाटलं, आता मोडणार ही.

गीत सुरू झालं. मावशी उठली, पुस्तक उघडलं आणि गायला लागली. एकतीस वर्षं ती वाजवत आली, त्यामुळे तिला गाताना आम्ही कोणी ऐकलंच नव्हतं. सूर कुठे, ताल कुठे आणि मावशी कुठे! पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघू लागली, तशी ती त्यांच्याकडे बघून हसली आणि आवाज आणखी चढवला. तिला कोणी हसू नये म्हणून मी घाईघाईने वहीत लिहिलं, ‘मावशी, फार बेसूर होतंय.’

तिने वाचलं. नेमकं तेव्हाच कडवं संपलं होतं आणि चर्च शांत होतं. आपण किती मोठ्याने बोलतो याचा तिला पत्ताच नसतो.

“मला कुठे ऐकू येतंय! ज्याला येतंय, त्याची तक्रार नाही!”

सगळं चर्च खदखदून हसलं. बँडमास्तरांचा ताल जन्मात पहिल्यांदा चुकला. दुसरं कडवं सुरू झालं आणि मावशी पुन्हा सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे निघाली. मी कॉयरमधला माझा सूर सोडून दिला आणि तिच्या सोबतीने, तिच्याच सुरात, घसा फोडून गायले.