दोन स्क्रिप्ट, एक टनेल

आधीच माफी मागतो. नववीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि शब्द साधेच येतील. पण कंपनीतले किस्से असे साठतात की गोदामातल्या खोक्यांसारखी गत होते. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! माझ्या अंगावर पडणारे बहुतेक निखिलसरांचे असतात. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर जळायचो. अजूनही जळतो.

आमची कंपनी घोटावड्याला, रबरी गॅस्केट बनवणारी. हेड ऑफिस बावधनला. ऑर्डरी मेलवर यायच्या. मी रोज सकाळी एकेक मेल उघडून ऑर्डरचा कागद छापायचो आणि लाइनवर बबनतात्यांना द्यायचो. तीन वर्षं हे काम माझं. व्हिडिओ बघून बघून स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप काम करावं म्हणून द्यायच्या सूचना, लिहायलाही शिकलो होतो. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मग हेड ऑफिसने निखिलसरांना पाठवलं. अमरावतीचे, इंजिनियर, वय माझ्याएवढंच. पहिल्या दिवसापासून ते ‘निखिलसर’. मी तीन वर्षांनंतरही ‘ए सोपान’!

*

निखिलसर कीबोर्डकडे न बघता टाइप करतात. डिस्पॅचच्या काळेबाई हातातला डबा तसाच धरून बघत राहिल्या. “अहो, बघतसुद्धा नाहीत! आमचा सोपान एकेक अक्षर शोधतो, जेवणातले खडे शोधल्यासारखा.”

मी दुसऱ्या दिवसापासून कीबोर्डवर रुमाल टाकून सराव सुरू केला. आठवडाभराने हिंमत करून एका पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, रुमालाखालूनच मेल लिहिला. ‘माल गुरुवारी निघेल’ एवढंच लिहायचं होतं. पाठवल्यावर वर बघितलं तर एक शब्द वाचता येईना!

माफीचा मेल लिहायला घेतला, तेवढ्यात पार्टीचं उत्तर आलं.

“ओके. नोटेड. थँक्स!”

*

निखिलसर राहतात कुठे? आमच्याच घरी! नेऱ्याला आमच्या घरावर तीन खोल्या काढल्यात, त्यातली एक कंपनीने त्यांच्यासाठी घेतली. म्हणजे घरीही सुटका नाही.

एकदा आईने त्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ते स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवून आले. त्यानंतर पंधरा दिवस आईचं एकच पालुपद. “बघ, शिकल्यालं पोरगं! ताट उचलून ठिवतंय. न्हाईतर तू!”

शेवटी एक दिवस मीही गुपचूप ताट उचललं आणि धुऊनही ठेवलं. आई चुलीपुढून उठली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“काय रं, बरं वाटंना व्हय?”

*

एके दिवशी हेड ऑफिसने मेल सर्व्हरची बाहेरची वाट बंद केली. आता आधी बावधनच्या एका मशीनपर्यंत कुलूपबंद वाट उघडायची आणि त्या वाटेने मेल आणायचे. या वाटेला टनेल म्हणतात.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. निखिलसरांनी अर्धा तास फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. सगळे माना हलवत होते. बबनतात्या शेवटी म्हणाले, “म्हंजी आपल्या हिरीचं पानी दुसऱ्याच्या रानातनं पायपानं आणायचं. रान त्याचं, पन आत काय वाहतंय ते त्याला दिसत न्हाई. आसंच ना?”

निखिलसरांनी खडू खाली ठेवला. “तात्या, एवढं सोपं मला कॉलेजातही कोणी नाही सांगितलं!”

त्या दिवशी मी तात्यांवरही जळलो.

*

मग साहेब म्हणाले, “रोज आठ वाजता ऑर्डरी आपोआप छापल्या पाहिजेत. निखिल, स्क्रिप्ट कर.”

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. “साहेब, मीपण करू?”

सगळे वळून बघायला लागले. साहेब हसले. “करा दोघं. सोमवारी बघू. ज्याची चालेल त्याच्याकडे कॉम्प्युटर. निखिलची चालली तर सोपान, तू स्टोअरला.”

स्टोअर म्हणजे पत्र्याची खोली. आत गॅस्केट आणि मी. कॉम्प्युटर नाही.

*

मी शुक्रवारीच स्क्रिप्ट चालवून बघितली. पहिल्यांदा टनेल उघडायच्या आतच ती मेल मागायला गेली आणि तोंडावर आपटली. म्हणून टनेल वेगळी आधी उघडायची, मग मेल मागायचे, असं ठरवलं. झकास चाललं! प्रिंटर सुरू झाला तशी मी डबा खायला गेलो.

‘फक्त नवीन मेल’ हे सांगायचं राहून गेलं होतं. परत आलो तर तीन वर्षांच्या ऑर्डरी छापून निघत होत्या, आणि तात्यांनी गेल्या वर्षीच्या ऑर्डरीचे दोन खोके भरूनही ठेवले होते!

“तात्या, तारीख तरी बघायची!”

“आरं, कागद आला की माल काढायचा, ह्ये तूच शिकीवलंस की! आन् ती दिवाळीच्या शुभेच्छांची शीट आलीया, ती कुठल्या साइजची?”

*

सोमवार. आमच्या त्याच कॉम्प्युटरसमोर साहेब, काळेबाई, तात्या, सगळे उभे. मी सकाळीच माझी टनेल उघडून तयार ठेवली होती.

निखिलसर म्हणाले, “चल भाऊ, तू आधी.”

मी एक पाऊल मागे सरकलो. “नको. तुम्ही आधी.”

त्यांनी स्क्रिप्ट चालवली. सात नव्या ऑर्डरी आल्या, सात कागद निघाले. काळेबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग मी माझी चालवली. नवीन मेल एकही उरलेला नव्हता. कोरा कागद निघाला.

“सोपान, उद्यापासून स्टोअर,” साहेब म्हणाले. “निखिल, तू आता फक्त गुरुवारी येत जा. इथलं आपोआप होईल.”

सगळे चहाला गेले. मी स्क्रीनवर मागच्या ओळी वाचत बसलो. निखिलसरांच्या स्क्रिप्टला बावधनच्या मशीनने आत घेतलंच नव्हतं. त्या मशीनला ओळख पटवणारी त्यांची किल्ली, म्हणजे एक फाइल, त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती, या कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. त्यांची टनेल उघडलीच नाही. स्क्रिप्ट तशीच पुढे गेली, तिला माझी टनेल उघडी मिळाली, आणि सातही ऑर्डरी तिच्यातून आल्या.

खात्रीसाठी माझी टनेल बंद केली आणि त्यांची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सर्व्हर लागेचना.

इतक्यात निखिलसर चहाचा कप घेऊन आले. माझ्यासाठी. “वाईट नको वाटून घेऊ भाऊ. तुझीपण चांगली होती.”

मी चहा घेतला. संध्याकाळी काळेबाई नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर बंद करून गेल्या.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी कंपनीत गेलो. कॉम्प्युटर लावला. माझी टनेल उघडली. स्टोअरची चावी घेतली आणि जाऊन बसलो.

आठ वाजता प्रिंटरचा आवाज आला. काळेबाई दारात येऊन म्हणाल्या, “बघितलंस? निखिलसर इथे नसतानासुद्धा!”

मी म्हणालो, “हो ना!”