कॅसेट कुठं थांबली होती

माणूस काय बघतो ते तो सांगत नाही, पण कॅसेट सांगायची. सीडीचं तसं नव्हतं. ती काढून पुन्हा घातली की आमच्या प्लेअरवर पहिल्यापासून सुरू. कॅसेट मात्र जिथं थांबवली तिथंच थांबलेली असायची. आणि मी पडलो जन्माचा संशयी.

मी ठाणाकुशनूरजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. गल्फहून परतलेल्या मित्राकडून एक जुना व्हीसीआर घेतला होता. घरात स्वतःची म्हणावी अशी कॅसेट एकच, आमच्या लग्नाची. बघून झाली की पूर्ण मागं गुंडाळून ठेवायची, हा माझा नियम. एकदा शाळेतून येऊन सहज लावली, तर मधूनच सुरू झाली. पंगत बसलेली आणि निळ्या शर्टातला एक तरणाबांड गडी हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, वाढता वाढता कॅमेऱ्याकडं बघून हसतोय. मी मागं गुंडाळून ठेवली. आठवड्यानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, पंगत आणि निळा शर्ट.

लग्न बायकोच्या माहेरी, दुबलगुंडीला झालं होतं. म्हणजे गडी तिच्या गावचा. सरळ विचारायला काय हरकत होती? पण संशयी माणूस सरळ विचारत नाही, उत्तर खोटंच मिळणार याची त्याला आधीच खात्री असते. मी आडून आडून विचारायचो.

"आपल्या लग्नात वाढाय कोण कोण होतं गं?"

"समदं गावच होतं की. कामून?"

"न्हाई, हुग्गी लई झ्याक झालती."

इतक्या वर्षांनी हुग्गीची आठवण काढणारा नवरा बघून ती हसायची. ते हसणंही मला खटकायचं. आणखी एक गोष्ट मी बरोबर जुळवली होती. कॅसेट मधेच थांबायला लागली ती सासूबाई वारल्या त्या वर्षापासून. म्हणजे आईचा धाक गेला आणि ही मोकळी झाली! एवढी अक्कल मी कधी शाळेत वापरली असती तर हेडमास्तर झालो असतो.

सासुरवाडीच्या जत्रेत मी देवाकडं कमी आणि लोकांच्या शर्टांकडं जास्त बघायचो. तो कधी दिसला नाही. गावातली निम्मी तरणी माणसं हैदराबाद-पुण्याला कामाला गेलीत असं कळलं. तेव्हा मला वाटलं, गेलाय म्हणूनच ही कॅसेट लावून बसते.

मग कॅसेटींचेच दिवस भरले. व्हीसीआर पट्टी खायला लागला, दुरुस्त करणारा मिळेना. उदगीरचा एक स्टुडिओवाला म्हणाला, "गुरुजी, कॅसेटचं खरं न्हाई आता. बुरशी लागायलीय. सीडी करून घ्या, जन्माची कटकट मिटंल." वस्तू जन्मभर टिकेल असं सांगणाऱ्या माणसावर मी एरवी कधीच विश्वास ठेवला नसता. त्या दिवशी ठेवला, कारण पुढं तो म्हणाला की दीड तासाचं लग्न एका सीडीत मावायचं नाही, काहीतरी कापावं लागेल.

"पंगत काढून टाका," मी म्हणालो.

"समदी?"

"समदी. लोकांचं जेवण कोण बघतंय?"

सीडी झाल्यावर ती कॅसेट मी घरी नेलीच नाही. आमच्याकडं जुन्या कॅसेटची पट्टी ओढून ज्वारीच्या कडेनं खुंट्यांना ताणतात. वाऱ्यावर ती गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. मीही आमच्या शेतात तेच केलं, माझ्या हातानं, अगदी समाधानानं. बायकोला सांगितलं की कॅसेट स्टुडिओतच आहे.

पाडव्याला मेव्हणा आला. चहा झाला आणि तो म्हणाला, "दाजी, लग्नातलं आईचं लावा की."

मला कळेना. सासूबाई विधवा होत्या. लेकीचं लग्न असूनही त्या मांडवात आल्या नव्हत्या. हळदीला नाही, अक्षतांना नाही, फोटोत तर नाहीच. कन्यादान मामा-मामींनी केलं होतं. विधवेनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, आणि आम्ही शिकलेल्यांनीही त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं.

"ह्यात आई कुठं हाय?" मी विचारलं.

"पंगतीत हाय की," बायको म्हणाली. "मागं, चुलीपाशी. हुग्गी भरून देती, मग पदर सारखा करून वर बघती. मी जेवायले का न्हाई, ते बघती."

तिनं सीडी लावली आणि ती रिमोट दाबत राहिली. अक्षता झाल्या, आहेर झाले, एकदम पाठवणी आली. तिनं मागं घेतलं, पुन्हा पुढं घेतलं. मेव्हणा हळूच म्हणाला, "अक्का, आई न्हाई की."

तिनं जरा विचार केला आणि भावाला समजावलं, "सीडीत कमी मावतंय रे. कॅसेटीत लई मावायचं. तुजे दाजी तरी काय करतील?"

तिनं माझी बाजू घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी शेतात गेलो. ज्वारी निघाली होती. बाभळीच्या काट्यात हातभर पट्टी अडकलेली सापडली, उन्हानं विटलेली. ती खिशात घालून शाळेत गेलो.

पुढं डीव्हीडी आली. ती म्हणाली, "अवो, आता मोठी सीडी निघालीय म्हणं. त्यात आई मावंल का?" मी म्हणालो, विचारतो. दोन वर्षं विचारतच होतो. मग स्टुडिओ बंद पडला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बाजारात नवीन काही आलं की लोकांना आनंद व्हायचा, मी दुकानावरून मान खाली घालून पुढं निघायचो.

शेवटी पुण्याला शिकणारी आमची लेक सुट्टीत पेन ड्राइव्ह घेऊन आली, करंगळीएवढा. बायकोनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ह्यात किती मावतंय गं?"

"आई, ह्यात लई लग्नं मावतील."

बायको माझ्याकडं वळली. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. "मग शोधा की त्या स्टुडिओवाल्याला. आणा कॅसेट. आता तर जागा झाली."

मी सगळं सांगून टाकलं. पंगत मीच कापायला लावली, कॅसेट ज्वारीच्या बांधावर गेली. लेक खाली बघत राहिली. बायको ओरडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिनं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "कामून?"

"त्या पोरापायी," मी म्हणालो. "निळ्या शर्टातला, हुग्गी वाढायलाय बघ. तू दर बारीला त्याच्यापाशीच थांबवायचीस."

ती आठवायला लागली. कपाळाला आठ्या घालून, मनापासून, बराच वेळ आठवत राहिली.

"तिथं पोरगं होतं व्हय?" ती म्हणाली.