नकाशात नसलेली वाट

मोजणी कार्यालयात बत्तीस वर्षं तो साखळीचं दुसरं टोक धरत आला. पहिलं टोक साहेबांच्या बाजूला असायचं. तिथे सावली, वही, पाण्याची बाटली. दुसरं टोक काट्यांत, चिखलात आणि लोकांच्या शिव्यांत. हद्दीच्या दगडाला टोक टेकवून तो ओरडायचा, "धरली!" गावाने त्याला साखळीवाला म्हणायला सुरुवात केली, ती इतकी की बायकोसुद्धा रागावली म्हणजे त्याच नावाने हाक मारायची.

चार बोटं मातीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावर थुंकलेले त्याने पाहिले होते. एक गडी दर पेरणीला शेजाऱ्याचा दगड वीतभर आत ढकलायचा. त्याचं नावच वीतभर पडलं होतं. या लोकांचा त्याला तेव्हाही राग यायचा, पण किळस यायची नाही. मातीवर जीव होता म्हणून भांडत होते, एवढं तरी त्याला कळायचं.

मग कंपनी आली. मालक कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यायचा तो व्यवस्थापक. गाडीतून उतरण्याआधी रबरी बूट चढवायचा आणि जाताना ते पिशवीत बांधून न्यायचा, गावाची माती गाडीत सांडू नये म्हणून. चार वर्षांत तीनशे बारा तुकड्यांचा एकच तुकडा झाला. ज्या बांधांवरून डोकी फुटली होती ते यंत्राने अकरा दिवसांत सपाट केले. अवजारांना धार लावणारा गाव सोडून गेला, कारण धार लावायला अवजारंच उरली नाहीत. शाळेच्या दोन खोल्यांपैकी एकीत खताची पोती रचली गेली; उरलेल्या खोलीत मुलं नाकाला रुमाल लावून पाढे म्हणत.

जमीन विकलेले लोक त्याच जमिनीवर रोजाने जाऊ लागले. अंगात पिवळं जाकीट, पाठीवर आकडा. आपणच खोदलेल्या विहिरीचं पाणी प्यायला मुकादमाला विचारायचे, आणि विचारताना हसायचे. ते हसू पाहिलं की साखळीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं.

एकच तुकडा विकला गेला नव्हता. त्याच्या थोरल्या बहिणीचा, दोन एकर, अगदी मधोमध. नवरा गेल्यापासून ताई तो एकटी कसत होती.

"ठेवा की, तुमचीच जमीन आहे," व्यवस्थापक गोड बोलला होता. "कोण मागतंय?"

पुढच्या आठवड्यात कुंपण आलं. फाटकावर पहारेकरी म्हणून वीतभर बसला. "आत फक्त आकडेवाले," त्याने ताईला सांगितलं. ज्या वाटेवरून ताई शेतात जायची ती अकरा जणांच्या बांधांवरून जात होती. बांध गेले, वाट गेली.

ताईने अर्ज केला. मोजणी अधिकारी नकाशा घेऊन आला, आणि नियमाप्रमाणे साखळीवालाही. निवृत्तीला तीन महिने उरले होते. फाटकाजवळ टेबल मांडलं. अधिकाऱ्याने नकाशावर बोट फिरवलं. "बाई, यात वाटच नाही."

"नकाशात नसेल. पायाखाली होती ना!"

साखळीवाल्याची मान खाली गेली. वाट नकाशात का नव्हती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी नवी मोजणी झाली तेव्हा तेच अकरा जण त्याच्याभोवती गोळा झाले होते. वाट दाखवली तर प्रत्येकाच्या कागदावरचं क्षेत्र हातभर कमी होणार होतं. "अरे, वाट काय पळून जातेय? चालायची ती चालूच," असं म्हणत होते. त्यांच्याबरोबर ताईचा नवराही होता. आणि साखळीवाल्याने तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं, "इथे वाट नाही साहेब, नुसता बांध आहे." त्या दिवशी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

अधिकाऱ्याने जुन्या जमीनमालकांना बोलावलं. अकरापैकी सात जण जिवंत होते, वीतभर त्यांतलाच, आणि सातही जण पिवळ्या जाकिटात होते. "इथून वाट होती का?"

"आठवत नाही साहेब."

"असेल, नसेल. वय झालं आता."

वीतभर दात कोरत म्हणाला, "बायका काय, कुठूनही चालतात."

दोघे-तिघे हसले. याच बायकांच्या डोक्यावरून त्यांनी दुष्काळात पाणी नेलं होतं, त्याच वाटेने.

साखळीवाला पुढे झाला. "वाट होती. मीच ती दाखवू दिली नाही. लिहून घ्या."

ताईने चमकून पाहिलं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "काय बोलताय, कळतंय का? तुमच्यावर चौकशी लागेल."

"लागू दे."

"आणि तुम्ही सख्खे भाऊ. तुमच्या एकट्याच्या शब्दावर वाट देता येत नाही. दुसरा एक साक्षीदार हवा. एकच."

साखळीवाला सातांकडे वळला. कुणी बुटाने माती उकरत होतं, कुणी जाकिटाची गुंडी चाळवत होतं. वीतभर म्हणाला, "तेव्हा आमच्याचसाठी खोटं बोललास, आता आम्हालाच खरं बोलायला लावतोस होय? शहाणा आहेस."

त्यात खोटं काही नव्हतं, हे सगळ्यांत वाईट.

अर्ज फेटाळला गेला. साखळीवाला निलंबित होऊन घरी बसला. महिनाभर ताई त्याच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी तो तिच्याकडे गेला, तर ती दारात उभी राहून पिवळं जाकीट घालत होती. पाठीवर त्रेसष्ट.

"ताई! लाज वाटत नाही?"

"वाटते ना. पण पेरणी निघून चाललीय."

"त्यांच्या हाताखाली?"

"आत जायला दुसरं दार ठेवलंयस का कुठं?" तिने डबा उघडून दाखवला. वरच्या खणात जेवण, खालच्यात बी. "जेवायची सुट्टी अर्धा तास. परवापासून आपल्या तुकड्यात दोन ओळी टाकल्यात. जेवण काय, संध्याकाळी पण होतं."

तो दोन दिवस धुमसला. तिसऱ्या दिवशी मुकादमाकडे नाव लिहून आला. मिळालेलं जाकीट दुसऱ्या कुणाच्या घामाने ओशट झालं होतं. काखेत ते चिकटलं तसे त्याच्या अंगावर शहारे आले. काढून फेकावंसं वाटलं, पण गुंड्या लावल्या आणि फाटकाशी गेला.

वीतभरने डबा मागितला. वरचा खण उचलला, खाली बोट घातलं, दाणे चाळवले. मग मागेपुढे पाहिलं.

"तुझी ताई रोज नेते, माहिती आहे मला," तो हलकेच म्हणाला. "मी काही बोललो का?"

साखळीवाल्याला क्षणभर वाटलं, या माणसात काहीतरी उरलंय.

वीतभरने खिशातून फडकं काढून पसरलं. "ती दोन मुठी देते. परसात टाकतो मी. तूही दे."

साखळीवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. फडक्यावर एक मूठ टाकली, मग दुसरी. आणि हात पँटीला पुसत पुसत आत गेला.