दाब गेला तर?

डिसेंबरातल्या एका सकाळी, आमच्या नोएडातल्या घराच्या गॅरेजमध्ये, वडिलांची मोटरसायकल स्टँडवरून सुटून त्यांच्या अंगावर पडली. डावा पाय इंजिनखाली अडकला. हाड मोडलं नाही. मी रात्रपाळी करून पहाटे आले होते आणि वरच्या खोलीत झोपले होते. आवाजानं जाग आली. खाली पोहोचले तेव्हा आई हँडल धरून उभी होती आणि वडील जमिनीवरून तिला गाडी कुठे धरून उचलायची ते सांगत होते. आवाज नेहमीचाच होता, कामाच्या वेळचा.

वडील लष्करात वाहनदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते. शेवटची नेमणूक दिल्ली कॅन्टोन्मेंटला झाली आणि तिथूनच ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या गावी परत जायचं ठरलं होतं. मला दिल्लीत एका वर्तमानपत्रात नोकरी लागली, म्हणून ते थांबले. यमुनेपलीकडे नवे सेक्टर आखले जात होते, तिथे त्यांनी प्लॉट घेतला. घर बांधलं तेव्हा समोर शेतं होती. ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे, त्या हिवाळ्यात शेतांच्या जागी काचेच्या इमारती होत्या आणि त्यांत संगणकाच्या कंपन्या.

मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, जुनी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली. लष्कराच्या लिलावातून घेतलेली. वडील ती फारशी चालवत नसत. भाजी मंडईपर्यंत, फार तर. ते ती उघडत आणि पुन्हा जुळवत. दुपारचं जेवण होईपर्यंत त्यांचा वेळ त्यात जाई. हे सगळं उकिडवं बसून. पाय दुखावल्यावर डॉक्टरांनी उकिडवं बसणं कायमचं बंद करायला सांगितलं.

शेजारच्या सेक्टरमध्ये पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर राहात होता. त्याला ती मोटरसायकल हवी होती, बरेच दिवस. अपघाताचं कळल्यावर त्यानं चौकशीचा फोन केला आणि शेवटी म्हणाला, "काका, विकायचं मनात आलं तर सांगा. घाई बिल्कुल नाही."

वडिलांनी त्याचे आभार मानून फोन ठेवला. "घाई नाही म्हणतोय," ते मला म्हणाले. "म्हणजे आहे."

मी त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक तर गाडी कमरेइतकी उचलून उभ्यानं काम करता येईल अशी लिफ्ट घ्यायची, नाहीतर गाडी त्या मुलाला द्यायची. आणखी एकदा आवाजानं जाग यायला नको होती. वडील म्हणाले, लिफ्ट बघू.

माझी सुट्टी मंगळवारी असे. जानेवारीतले सगळे मंगळवार त्यात गेले. सकाळी धुकं, पुलावर गाड्यांची रांग, पुढच्या गाडीचे लाल दिवे. आठवड्याची झोप त्या एका दिवशी भरून काढायची असे, ती राहून गेली. घराबाहेर उभी असणारी माझी कार मी चालवत असे, वडील शेजारच्या सीटवर ताठ बसत.

करोलबागेत मेट्रोचे खांब उभे राहात होते. अर्धा रस्ता पत्र्यांनी बंद होता. काही वर्षांपूर्वी तिथल्या दुकानांत साधा जॅक मागितला तरी मागच्या गोदामातून आणावा लागे. आता काचेमागे लाल रंगाची लिफ्ट ठेवलेली होती आणि खोक्यावर तिचं रंगीत चित्र होतं. पायानं पंप दाबला की तेलाच्या दाबानं प्लॅटफॉर्म वर येई. दुकानदारानं तो दोनदा वरखाली करून दाखवला.

वडिलांनी विचारलं, "दबाव गया तो?"

"नहीं जाएगा, अंकल जी. इंपोर्टेड है."

"गया तो?"

"गारंटी है."

वडील माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गारंटी पाय बाहेर काढत नाही." आम्ही निघालो.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. गाडी जॅकनं उचलायची, पण जॅकच्या भरवशावर तिच्याखाली हात घालायचा नाही. आधी लाकडी ठोकळे लावायचे, गाडीचं वजन ठोकळ्यांवर सोडायचं आणि मग काम. नवा शिपाई आला की पहिल्या दिवशी त्याला पाने न देता ठोकळे देत. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळे प्रत्येक दुकानात तोच प्रश्न विचारला जाणार हे मला माहीत होतं, आणि ज्याला उत्तर देता येणार नाही असा दुकानदार मला चेहऱ्यावरून आधीच ओळखू यायला लागला.

काश्मिरी गेटला एक छोटी लिफ्ट मिळत होती, फक्त इंजिनखालून फ्रेम पकडणारी. वडिलांनी दुकानातल्या नमुन्यावर चढवलेल्या गाडीला एका बोटानं ढकललं. ती हलली. पुढे काही विचारलं नाही. आणखी एकानं छताच्या तुळईला साखळीची कप्पी टांगायचा सल्ला दिला. तो घरी सांगितला. आमच्या घरात शिरायचा दरवाजा गॅरेजमधूनच होता.

"टांगा की," आई म्हणाली. "पाहुण्यांनाही तिथूनच वर खेचून घेऊ." मग वडिलांकडे न बघता तिनं पुस्ती जोडली, "आणि हिंडताच आहात तर माणसाला उठवून उभं करायचं यंत्र मिळतं का बघा. सकाळी मला लागतं."

शेवटी मायापुरीत एक कारागीर सापडला. स्कूटरच्या गॅरेजवाल्यांना तो मागणीप्रमाणे लिफ्ट बनवून देई. त्याच्या लिफ्टलाही पायाचा पंपच होता, पण दोन्ही बाजूंच्या लोखंडी भुजांना भोकं पाडलेली होती आणि त्यांतून अंगठ्याएवढ्या जाडीची पिन जात होती. वडिलांनी प्लॅटफॉर्म वर घ्यायला लावला, पिना स्वतः घातल्या आणि न विचारता दाब सोडायचा दांडा ओढला. प्लॅटफॉर्म बोटभर खाली आला आणि पिनांवर थांबला.  मी एका जुन्या टायरवर बसले होते. डोळे मिटत होते.

"हीच," ते म्हणाले.

मापं आम्ही आधीच घेतली होती: गॅरेजची लांबी, रुंदी, तुळईची उंची, लिफ्ट वर असताना वडील बाजूला उभे राहिले तर भिंत किती दूर, शटर उघडताना हँडल लागेल का. माझ्या मते काही राहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत लिफ्ट टेंपोतून आली. उतरवून जागेवर ठेवली. वडिलांनी रिकामा प्लॅटफॉर्म वर घेतला आणि पान्याचा एक गोल सॉकेट त्यावर ठेवला. तो शटरच्या दिशेनं घरंगळला आणि खाली पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा घरंगळला. मग त्यांनी कपाटातून लेव्हल काढून प्लॅटफॉर्मवर धरली. बुडबुडा घराच्या बाजूला जाऊन टेकला.

फरशीला उतार होता. मापं घेताना तो आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला नाही, कारण तो आम्हीच मागून घेतलेला होता आणि रोज त्यावरून चालत होतो. आमच्या गल्लीतल्या बाकी गॅरेजांच्या फरश्या सपाट होत्या. तिथे बायका ओल्या फडक्यानं पोछा मारत. आईला ते पुसणं वाटे, धुणं नाही. घरात शिरायची वाट रोज सकाळी बादलीभर पाण्यानं धुतली गेलीच पाहिजे आणि पाणी मागे न फिरता रस्त्याकडे गेलं पाहिजे, मग रांगोळी, हा तिचा नेम कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्येही होता. घर बांधताना तिनं कंत्राटदाराकडून मुद्दाम उतार काढून घेतला होता आणि स्वतः पाणी ओतून तपासल्याशिवाय काम पास केलं नव्हतं. तो तेव्हा हसला होता. "माता जी, यहाँ गाड़ी खड़ी करनी है या नहाना है?"

वडील लेव्हल हातात धरून उभे होते. मग त्यांनी डिसेंबरची गोष्ट स्वतःच उलगडली. मोटरसायकल ते नेहमी मागच्या, घराकडच्या भिंतीला समांतर, म्हणजे उताराला आडवी लावत. त्या दिवशी ऊन इंजिनवर यावं म्हणून त्यांनी तिचं तोंड शटरकडे केलं होतं. पुढे उतार. मागचा नट सोडवायला त्यांनी जोर लावला, गाडी पुढे सरकली आणि स्टँड मिटला. तोवर ती का पडली हे कोणी तपासलं नव्हतं. मीही नाही.

आई दारात होती. तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे माझ्या उतारानं पाडलं तुम्हाला," ती म्हणाली.

"गाडी मी फिरवली होती."

"उतार मी काढून घेतला होता."

त्यांनी लेव्हल फडक्यानं पुसून कपाटात ठेवली. तिरक्या लिफ्टवर गाडी चढवायची नाही, हे सांगायची गरज नव्हती. फरशी फोडायचं ते स्वतः म्हणणार नाहीत, हेही आम्हा दोघींना कळत होतं. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "त्या पुण्याच्या मुलाला फोन कर. गाडी घेऊन जा म्हणावं."

मी फोनपाशी गेले. त्या क्षणी मला बरंच वाटलं, हेही नोंदवायला हवं. मंगळवार परत मिळाले असते.

"फोन नंतर," आई म्हणाली. "आधी मिस्त्रीला बोलव."

"तुझं पाणी अडेल," वडील म्हणाले.

"अडू दे. पुसून घेईन. सगळी गल्ली पुसते."

मिस्त्री त्याच आठवड्यात आला. लिफ्टच्या मापाची फरशी फोडून त्यानं तिथे सपाट ओटा केला. आईनं दुसऱ्या सकाळी बादली ओतून पाहिली. पाणी ओट्याला अडून पायरीशी साचलं. तिनं ते फडक्यानं टिपलं, बादली आत ठेवली आणि त्यानंतर पाणी फक्त शटरबाहेरच्या पट्ट्यावर टाकायला लागली. रांगोळीही तिथेच गेली. 

गाडी रॅम्पवरून चढवायला दोन माणसं लागत: एकानं मागून ढकलायची आणि दुसऱ्यानं ती वर पोहोचताच पुढचा ब्रेक दाबून सरळ धरायची, पहिल्यानं तिला पट्टे बांधेपर्यंत. दुसरं माणूस मी होते. म्हणजे वडिलांचं काम मंगळवारवर आलं. इतर दिवशी ते लिफ्टच्या भुजांना ग्रीस लावत. शेजाऱ्यांना ते बोलवत नसत. मला उठवत नसत. एक-दोन मंगळवारी मला जाग आली नाही आणि गाडी खालीच राहिली. पुण्याच्या मुलाचा पुन्हा फोन आला. आईनं घेतला आणि काका कामात आहेत असं सांगितलं. ते तेव्हा व्हरांड्यात बसले होते.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी दुपारी उठले. सकाळी कसलाच आवाज झाला नव्हता. खाली आले तर मोटरसायकल लिफ्टवर होती, कमरेइतकी वर, पट्ट्यांनी बांधलेली. मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. वडील उभे राहून ब्रेकचे तुकडे पुसत होते.

ब्रेक कोणी धरला, मी विचारलं.

"तुझ्या आईनं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "धर म्हणाले, धरला. सोड म्हणायचं विसरले. पट्टे बांधून झाले, चहा मागायला लागले, तरी मी आपली धरूनच."

"कामाचा माणूस आहे," वडील म्हणाले. "ऑर्डरशिवाय हलत नाही."

मी वाकून लिफ्टच्या खाली पाहिलं. दोन्ही बाजूंच्या पिना भोकांत होत्या.